चारशे मैलांवरचा पाऊस

वाळवंटातल्या सेंट जॉर्ज गावात जुलैमध्ये हिरवळीला पाणी सोडायचं ते पहाटेच, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. डेलमार हॅचला तर ते चाळीस वर्षं ठाऊक होतं. पण अलीकडे त्याच्या डोक्यातून गोष्टी न सांगता निघून जायला लागल्या होत्या. तो पहाटे पाचला गॅरेजमधल्या पेटीची कळ फिरवून फवारे सुरू करायचा. नऊला वाटायचं, अरे, आज पाणी राहिलंच की! मग पुन्हा सोडायचा. भर दुपारी, तापाच्या मापाने एकशे आठ अंश ऊन असताना, तिसऱ्यांदा. निम्मं पाणी हवेतच विरायचं, उरलेलं फुटपाथवरून वाहत गटारात जायचं.

मग पाणीखात्याचं पत्र आलं. पत्र गोड भाषेत होतं, पण बिल काही गोड नव्हतं. सोबत योजनेचा कागद होता: हवामान बघून आपलं आपण पाणी सोडणारी स्मार्ट पेटी बसवा, अर्धी किंमत परत मिळवा, शिवाय दर महिन्याला बिलात बचत. डेलमारच्या बायकोने, वेर्लाने, तो कागद दोनदा वाचला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात तिने फुकटचं कूपन कधी वाया घालवलं नव्हतं, हे सोडणार होती थोडीच!

पेटी बसवायला ब्रदर गबलर आला. त्यांच्या चर्चमध्ये सगळे एकमेकांना ब्रदर आणि सिस्टर म्हणतात, आणि म्हाताऱ्यांच्या घरची अडलेली कामं आपसांत वाटून घेतात. हॅचचं घर गबलरच्या वाट्याला आलं होतं. माणूस आयडाहोतून नुकताच इकडे राहायला आलेला, हाताचा कसबी, बोलायला सुरुवात केली की थांबणं कठीण. त्याने योजनेच्या नियमाप्रमाणे आधी जुन्या पेटीचा भिंतीवरचा फोटो काढला, मग नव्या पेटीचा. स्वयंपाकघरात एक टॅब लावून दिला. आज हवा कशी, पाणी सोडलं की नाही, ते सगळं त्यावर दिसणार होतं.

"ब्रदर हॅच, तुमचा पिन कोड सांगा," तो म्हणाला.

डेलमारने पाच आकडे खाडकन सांगितले. वेर्ला तेव्हा गबलरसाठी पाव भाजत होती. सकाळी काय खाल्लं ते न आठवणाऱ्या नवऱ्याने न अडखळता उत्तर दिलं, याचंच तिला इतकं बरं वाटलं की आकडे कुठले, ते काही तिच्या कानात शिरलं नाही.

त्यानंतरचे दिवस फार शांत गेले. पेटीकडे धावायची डेलमारची सवय सुटली. पहाटे उठायचा, टॅबसमोर खुर्ची ओढायचा आणि वाचायचा, "आज दुपारी सरी. पाणी बंद." मग खिडकीबाहेर बघून मान हलवायचा. बाहेर लालभडक डोंगर तापत असायचे, पण त्याला ते दिसत नव्हते.

"तळ्यावर धुकं आलंय," तो सांगायचा. "आज गवत कापायचं नाही म्हणाले बाबा. भिजलेलं गवत रचलं की आतून पेटतं."

यंदा उत्तरेकडे, त्याच्या लहानपणच्या गावी, उन्हाळा ओला होता. रोज नाहीतर दिवसाआड तिकडे पाऊस. डेलमारच्या बोलण्यातून तो घरात यायचा: पत्र्यावर वाजणारा, घोड्यांच्या पाठीवरून वाफ होऊन उठणारा, रास्पबेरीच्या काट्यांवर थेंब थेंब थांबणारा. वेर्लाला वाटायचं, नवऱ्याचं डोकं भटकतंय, भटकू दे. दुपारी पडदे ओढून ती त्याच्याजवळ बसायची आणि ऐकता ऐकता तिला डुलकी लागायची. डुलकीत तिचेही पाय ओले व्हायचे. जागी झाली की चपला चाचपून बघायची.

एकच गोष्ट तिला टोचत होती. त्या पावसात ती कुठेच नव्हती. तिथे बाबा होते, आई होती, लंगडा कुत्रा होता. आणि हल्ली डेलमार तिच्याकडे बघून अदबीने म्हणायचा, "सिस्टर, तुम्ही फार त्रास घेता आमच्यासाठी."

सत्तावन्न वर्षं संसार केलेल्या बाईने हे कसं ऐकायचं? ती ऐकून घ्यायची आणि कपबशा जरा जोरात विसळायची.

इकडे हिरवळ पिवळी पडली. मग करडी झाली. शेजारची सिस्टर बंडी दारात झुकिनीचं टोपलं ठेवायला आली ती नाक मुरडून म्हणाली, "वेर्ला, तुझं गवत झोपलंय की मेलंय गं?"

"काटकसर करतंय," वेर्ला म्हणाली आणि तिला बिल दाखवलं. एकशे चाळीसचं एकेचाळीस डॉलर झालं होतं. रविवारी चर्चमध्ये बायकांनी ते बिल हातोहात फिरवलं, तिघींनी तशाच पेट्या मागवल्या. वेर्लाला मनातून थोडी शंका होती, पण चारचौघींत शहाणी ठरल्यावर शंका कोण बोलून दाखवतं?

मंगळवारी पाणीखात्यातून फोन आला.

"मिसेस हॅच, परताव्यासाठी आम्ही तुमची पेटी तपासली. ती आमच्या गावात नाही. बेअर लेकच्या काठावर आहे."

"बाई, पेटी माझ्या गॅरेजमध्ये आहे. मी तिच्यासमोरच उभी आहे."

"असेल. पण तिला वाटतंय आपण तिकडे आहोत. ती तिकडचं हवामान बघते, चारशे मैलांवरचं. पिन कोड चुकलाय. शुक्रवारपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर परतावा रद्द होईल."

वेर्ला फोन ठेवून तिथेच रंगाच्या डब्यावर बसली. बेअर लेक. त्याच तळ्याकाठी डेलमारचं गाव. तरुणपणी दोन वर्षं तो धर्मप्रसाराला डेन्मार्कला गेला होता, तेव्हा हे पिन कोड नवेच निघाले होते, आणि दर सोमवारी आईला लिहिलेल्या पत्रावर तो ते पाच आकडे घालत होता. बाकी सगळं गेलं, ते आकडे राहिले. म्हणजे नवरा भटकत नव्हता. तो समोर लिहिलेलं वाचत होता. तिकडे खरंच पाऊस पडत होता.

गुरुवारी गबलर धावत आला, कानापर्यंत लाल झालेला. "चूक माझीच, सिस्टर हॅच! मी पडताळायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम आहे. करू ना?"

वेर्लाने आत पाहिलं. डेलमार टॅबसमोर बसून स्वतःशीच हसत होता. आकडे बदलले की त्याचा पाऊस जाणार. नाही बदलले तर तो तिथेच राहणार, सुखात, आणि ती इथे, कुणाची तरी सिस्टर म्हणून. तिला तो परत हवा होता. चिडका, घामाघूम, तिसऱ्यांदा पाणी सोडणारा, पण "वेर्ला, माझा चष्मा कुठे टाकलास?" म्हणून ओरडणारा. हे मागणं स्वार्थी आहे हेही तिला कळत होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

"करा," ती म्हणाली. "ऐंशी डॉलर काय झाडाला लागतात?" परताव्याचं कारण सांगायला सोपं होतं.

रात्रभर तिला नीट झोप लागली नाही. पहाटे पाचला जमिनीतून सुस्कारा आल्यासारखा आवाज झाला आणि किती दिवसांनी फवारे उठले. खिडकीवर सपासप पाणी आपटलं. वाळलेल्या गवतात एक फवारा कलंडला होता आणि सगळं पाणी घरावर मारत होता. वेर्ला झोपायच्या कपड्यांतच धावली. फवारा सरळ करायला वाकली आणि डोक्यापासून टाचेपर्यंत भिजली. पाणी थंड होतं. करड्या गवतातून ओल्या मातीचा वास वर आला आणि ती क्षणभर तशीच उभी राहिली.

आत आली तेव्हा डेलमार खिडकीशी उभा होता. टॅबवर लिहिलं होतं, "आज कोरडं, कडक ऊन." त्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तो काचेवरून ओघळणारं पाणी बघत होता. मग त्याने वळून तिला पाहिलं, केसांतून पाणी टपकणारी, थंडीने अंग चोरून उभी राहिलेली.

"अरेरे, सिस्टर! अशा पावसात कशाला निघालात?" तो घाईघाईने पुढे आला, खुर्चीवरची स्वतःची शाल काढून त्याने तिच्या खांद्यांवर टाकली. "बसा, बसा. वेर्ला येईलच इतक्यात. ती तुम्हाला कोरडे कपडे देईल."

"कोण वेर्ला?" तिने विचारलं.

"माझी बायको," तो म्हणाला, एवढंही कसं माहीत नाही अशा आवाजात. "बोलायला तिखट आहे, मनावर घेऊ नका. पण तिच्याशिवाय मला या घरातलं काही सापडत नाही. सकाळपासून तिचीच वाट बघतोय."

बाहेर फवारे फिरत होते, काचेवरचं पाणी थांबत नव्हतं. वेर्लाने शाल घट्ट ओढून घेतली. डोळे पुसायची गरज नव्हती, चेहरा तसाही ओलाच होता.

"मग मीही थांबते," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली.