आसरांच्या डोहात जाळं

सकाळी घागर घेऊन डोहावर गेले, तर सगळे मासे तोंड वर काढून उभे होते आणि त्यांच्यामधे, कमरेइतक्या पाण्यात, माझी थोरली जाऊ, अक्का, उभी होती. मासे पळत नव्हते. दावणीला गुरं उभी असतात तसे तिच्या लुगड्याला खेटून उभे होते, आणि पंगतीत पुष्कळ माणसांनी ओठ वाजवावेत तसा त्यांच्या तोंडांचा आवाज येत होता. पाणी हिरवं, वर साय धरलेलं. त्याला आंबलेल्या भाताचा वास. अक्का दोन्ही हातांनी ते पाणी झोडपत होती.

"बघत काय उभी ऱ्हातीस? दम कोंडलाय त्यांचा. उतर खाली!"

मी घागर ठेवली आणि उतरले.

अक्का उन्हासारखी होती. प्रेमळ म्हणता येत नाही, पण तिच्यावाचून काही पिकलं नसतं. आम्ही भोई. पुरुषांनी जाळं टाकायचं, बायकांनी विणायचं आणि मासळी विकायची. डोक्यावर पाटी घेऊन ती भिंगारच्या बाजाराला निघाली की मान कधी हलायची नाही; पाटीतलं पाणी निथळून पाठीवर वाळायचं आणि उन्हात तिची पाठ खवल्यांनी चमकायची. तिच्या हातात कायम हिरवा चुडा असे, आसरांच्या नावाचा. तो वाजला की घरातली भांडणं थांबत.

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बाया. तळ्याच्या पोटात जो खोल डोह आहे तो त्यांचा. तिथे जाळं टाकायचं नाही, हा आमच्या लोकांचा कायदा. टाकलं तर टाकणाऱ्याच्या घरातलं धाकटं लेकरू त्या नेतात. चांगल्या दिवसांत हा कायदा पाळणं काहीच जड जात नसे. तळं इकडच्या टेकडीपासून तिकडच्या बाभळींपर्यंत पसरलेलं असे, डोह त्यात कुठे आहे हेही नवख्याला कळत नसे. मग तो मोठा दुष्काळ आला. तळं काठाकडून वाळत गेलं, चिखलाच्या खपल्या झाल्या, आणि अख्ख्या तळ्यातले मासे त्या एका डोहात येऊन कोंडले. आम्हीही तसेच. पुरुष लांब रस्त्याच्या कामावर खडी फोडायला, तिकडेच पालं ठोकून राहिलेले. विहिरी आटलेल्या. वस्तीला प्यायला पाणी उरलं ते एवढंच.

आणि त्या पाण्यात अक्का भात सोडत होती. पाऊस पडावा म्हणून आजूबाजूच्या गावांतल्या बाया आसरांना दहीभाताचा निवद घेऊन येत. लोकांना खायला मिलोचा, म्हणजे रेशनवरच्या परदेशी तांबड्या ज्वारीचा कोंडा, पण आसरांना तांदूळ. अक्का प्रत्येकीचा निवद हातात घेई, डोळे मिटे, आणि हळू पाण्यात सोडी. तेवढ्या वेळापुरता तिचा चेहरा निवळत असे. पूर्वी मोठ्या पाण्यात तो भात कुठे जाई ते कळतही नसे. आता मासे खाऊन तट्ट झाले, उरलेला तळाशी बसून आंबला. मी म्हटलं होतं, "अक्का, पान्याला वास येतोय."

"देवाच्या ताटाला नाक मुरडतीस? जीभ झडंल तुजी."

जीभ झडली नाही. पाणी मात्र सडलं.

त्या सकाळी आम्ही झोडपत राहिलो. वस्तीतल्या सगळ्या बाया उतरल्या, कुणी लिंबाच्या फांद्या घेऊन, कुणी परात घेऊन. मासे हाकायला पाणी झोडपतात, ते आम्हाला ठाऊक होतं. त्यांना श्वास द्यायला झोडपताना मी पहिल्यांदाच पाहत होते. हलवलं की मासे जरा खाली जात, हात थांबला की पुन्हा तोंडं वर. ऊन चढलं. रोहू पांढरं पोट वर करून तरंगायला लागले.

अक्का थांबली. तिच्या चुड्यातल्या बऱ्याच बांगड्या फुटून मनगटावर रक्त आलं होतं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"गंगे, मासं कमी केल्याबिगर ही जगायची न्हाईत. ही मेली की पानी मेलं. मग आपुन."

"मग जाळं टाका."

"टाकनारी मी. पन घरात धाकटी तुजी पोर हाय." तिचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. "तू सांग."

माझी मुलगी काठावर दगडाच्या सावलीत झोपली होती. मी तिच्याकडे पाहिलं. देव खोटा असं मला वाटत नव्हतं. पण तिलाही संध्याकाळी तेच पाणी पाजायचं होतं.

"टाका," मी म्हटलं.

अक्काने जन्मात जाळं फेकलं नव्हतं. पहिल्यांदा ते गोळा होऊन तिच्याच पायाशी पडलं. काठावरून म्हातारी पारू ओरडली, "अगं, जाळं टाकतीस का भाकरी थापतीस?" एवढ्या घाणीत आम्ही सगळ्या हसलो. अक्का हसली नाही. पुढच्या वेळी जाळं पसरलं, भरलं, आणि बायांनी मिळून ओढलं.

मेलेले पुरले, जिवंत वाटून घेतले. निवद बंद. डोहाशेजारच्या वाळूत झिरा उकरला, त्यात झिरपलेलं पाणी गाळून, उकळून प्यायलो. डोहात मरळ तगले, थोडे शिंगाळे तगले. पुढे तळं भरलं ते त्यांच्याच पिलांनी.

अक्काने चुडा पुन्हा भरला नाही. तेव्हापासून ती आसरांची वाट पाहत राहिली. माझ्या मुलीला ताप आला की ती उंबऱ्यात येऊन बसे, आत येत नसे, जातही नसे. मुलीला गोवर झाला, मुलीचं लग्न झालं, बाळंतपणं झाली. प्रत्येक वेळी अक्का उंबऱ्यात. मी म्हणायचे, "अक्का, त्यांना न्यायचं असतं तर कवाच नेलं असतं." ती म्हणायची, "त्यांना कुठं घाई हाय?" तळ्याला पाणी परत आलं, पण ती त्या आटलेल्या डोहातून कधी बाहेर आली नाही. म्हातारपणी डोळे गेले, तरी माझ्या मुलीचं पाऊल ओळखायची, आणि ते वाजलं की तिचा श्वास सुटलेला मला ऐकू यायचा.

त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतलं कुणी गेलं नाही. अक्का पुष्कळ जगली. माझी मुलगी आहे, तिला नातवंडं आहेत.