टाचणीचा आळ

धाकट्याने पाठीत थाप मारली आणि आपल्या तोंडातली टाचणी पोटात गेली, हे थोरल्या शिंप्याने एकदा ठरवलं ते ठरवलंच. ओठांत टाचण्या धरून माप बसवायची त्याची जुनी खोड. त्या दिवशी धाकटा मागून आला, "दादा, गिऱ्हाईक पळालं!" म्हणाला आणि दिली थाप. तेव्हापासून थोरल्याच्या घशात घास अडकायला लागला. तसा तो आधीही अडकायचा, पण ते आठवणं थोरल्याच्या सोयीचं नव्हतं.

"डॉक्टरकडे चल ना."

"आधी घशात टाचणी घाल, मग डॉक्टरकडे ने! मोठा आलाय काळजी करणारा!"

दुकान दोघांचं, कापायचं टेबल एकच. येईल त्या गिऱ्हाइकाला थोरला गळ्यावर बोट ठेवून सांगायचा, "भावाची भेट." धाकटा मान खाली घालून काजं करत राहायचा. शेवटी एकदा त्याने कात्री आपटली.

"घशाचा फोटो काढू. टाचणी निघाली तर मी दुकान सोडतो. नाही निघाली तर चारचौघांत आळ मागे घ्यायचा."

"काढ की! बघूच."

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पांढरं औषध गिळायला लावून फोटो काढले.

"टाचणीबिचणी काही नाही. मानेच्या मणक्यांचं हाड पुढच्या बाजूला वाढलंय, ते अन्ननलिका दाबतंय. वर्षानुवर्षं वाढत आलेलं आहे हे."

"नीट बघा. बारीक असेल."

"आजोबा, टाचणी लख्ख दिसली असती. मऊ खा, घास लहान घ्या. वजन उतरायला लागलं तर ऑपरेशनचं बघू."

दोघं दुकानात परतले, तर नेहमीचं गिऱ्हाईक, शाळेतला मास्तर, पँटसाठी पायरीवर बसलेला. "काय, निघाली का टाचणी?"

धाकटा थोरल्याकडे बघत उभा राहिला. आळ मागे घेतल्याचं एवढं एक वाक्य ऐकायला तो आतुर झाला होता.

थोरल्याने गळ्यात फीत टाकली. "त्यांच्या मशीनला दिसली नाही. मला टोचते ना!"

धाकट्याने आपल्या शिलाई मशीनचा पट्टा उतरवला.

"अरे, टाचणी तर निघाली नाही. मग का जातोस?" मास्तर म्हणाला.

"म्हणूनच."

"जाऊ द्या हो त्याला," थोरला म्हणाला. "करून सवरून वर रुसवा!"

मशीन एकट्याने उचलण्यासारखं नव्हतं. थोरला जागचा हलला नाही. शेवटी मास्तरच उठला आणि त्याने दुसरी बाजू धरली.