उघडणाऱ्याने कसू नये

त्या घरात एक नियम होता, आणि तो वडिलांनी घालून दिलेला असल्यामुळे त्यावर अपील नव्हते: ज्याने उघडले, त्याने कसू नये. वडील जन्मभर फिटर होते. स्वतःच्या हातची चूक स्वतःच्या डोळ्याला माहेरच्या माणसासारखी गोड दिसते, असे त्यांचे म्हणणे. म्हणून एका भावाने नट सोडवायचा, दुसऱ्याने आवळायचा. आवळणाऱ्याने मोठ्याने ‘कसलं’ म्हणायचे आणि सोडवणाऱ्याने हात लावून ‘पाहिलं’ म्हणायचे. वडील गेल्यावरही दोघा भावांनी ही रीत मोडली नव्हती. शिवणयंत्रे दुरुस्त करणारा थोरला तिला शास्त्र मानी. विजेची कामे करणारा धाकटा तिची टिंगल करी, पण पाळी तोही.

त्या सकाळी मात्र दोघांत अबोला होता.

घरच्या गाडीच्या पॉवर स्टिअरिंगचा पंप गळत होता. वळण घेताना तो कण्हत असे आणि गाडीखाली लाल तेलाचा डाग पडे. थोरल्याचे मत, पंपाचे सील बदलले की भागेल. धाकट्याचे, पंपच नवा घालावा. वाद पंपावरून निघाला आणि थेट बालपणापर्यंत जाऊन आला. "म्हाताऱ्याला कवळी बसवून तो तरुण होत नाही, दादा," धाकटा म्हणाला. "आणि जीभ लांब झाली म्हणून माणूस मोठा होत नाही," थोरला म्हणाला. तिथे संभाषण संपले. काम मात्र चालू राहिले, कारण आईला डोळे तपासायला खालच्या गावातल्या दवाखान्यात न्यायचे होते आणि ती वेळ मोठ्या मिनतवारीने मिळाली होती.

गाडी चालवणार होती थोरल्याची बायको. तिच्या उजव्या मनगटाचे प्लास्टर नुकतेच निघाले होते. जड झालेले स्टिअरिंग त्या मनगटाला झेपत नव्हते, म्हणून तर दुरुस्तीची घाई.

"नक्की हलकं झालंय ना?" निघताना तिने विचारले होते.

"एका बोटाने वळव," थोरला ऐटीत म्हणाला होता.

गाडी गेली. थोरला अंगणात हत्यारे पुसू लागला. धाकटा पायरीवर बसायला गेला, काहीतरी टोचले म्हणून उठला, आणि मागच्या खिशातून एक पाना काढून त्याने भावापुढे ठेवला. अबोला त्यानेच मोडला.

"हा माझ्याकडेच राहिला. तुला कसा लागला नाही?"

थोरल्याने पान्याकडे पाहिले. पंपातून निघणाऱ्या, दाबाखालच्या तेलाच्या पाइपचा नट याच पान्याने फिरे. घरात त्या मापाचा दुसरा नव्हता.

"तूच कसलास ना तो?"

"मी? अरे, मी उघडला. मी कसा कसणार?"

थोरल्याच्या हातातले फडके तसेच राहिले. त्याला सारे लख्ख आठवले. पंप जागेवर बसवून त्याने तो नट बोटांनी फिरवून बसवला होता. पाना धाकट्याकडे होता. मागायचा तर बोलावे लागले असते. म्हणून तो हात धुवायला गेला. परत आला तेव्हा धाकट्याने आपले बोल्ट आवळून बॉनेट लावलेले होते. नट जागेवर दिसला, म्हणून धाकट्याला वाटले दादाने कसला. बॉनेट लागलेले दिसले, म्हणून थोरल्याला वाटले यानेच उरकले. चाके जॅकवर अधांतरी असताना स्टिअरिंग फिरवून तेलातली हवा काढली होती, तेव्हा थेंबही गळला नव्हता. गळणार कसा? चाकांवर भार नव्हता. भार पडणार होता तो उतारावरच्या वळणांवर.

"फोन लाव," तो म्हणाला.

बायको गाडी चालवताना फोन घेत नसे. तो पर्समध्ये वाजून वाजून थांबला. आईचा वाजला आणि कापला गेला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा लागलाच नाही.

धाकट्याने स्कूटर काढली. थोरला तेलाची बाटली आणि तो पाना छातीशी धरून मागे बसला.

गावाबाहेर पडताच रस्ता डोंगराच्या कडेने खाली उतरत जातो. डाव्या हाताला खडक, उजव्या हाताला गुडघाभर उंचीचा कठडा, आणि त्यापलीकडे काही नाही. पहिल्या वळणावर थोरल्याला सिमेंटवर चार लाल ठिपके दिसले. पुढच्या वळणावर ठिपक्यांची रेघ झाली होती. त्यापुढच्या वळणावर, रेघ जिथे बाहेरच्या बाजूला ओढली गेली होती, तिथे ओंजळभर तेल सांडले होते. ते तेल आहे हे त्याला ठाऊक होते. तरी पाना त्याने छातीशी आणखी घट्ट धरला.

"स्टिअरिंग बंद नाही पडत दादा, नुसतं जड होतं," धाकटा वाऱ्यावर ओरडला. "वहिनी थांबवेल गाडी."

"उतारावर? त्या मनगटाने? आणि तेल तापलेल्या सायलेन्सरवर पडलं तर?"

"शुभ बोल रे नाऱ्या म्हणतात ते उगाच नाही. जरा गप्प बस!"

"गप्प बसलो म्हणूनच हे झालं," थोरला म्हणाला.

मग डाग संपले. धाकट्याने सुटकेचा श्वास टाकला, पण थोरल्याने त्याला वेग वाढवायला सांगितले. गळती थांबली नव्हती. गळायला काही उरले नव्हते. इथून पुढे त्या बाईने दगडासारखे स्टिअरिंग ओढत गाडी नेली असणार, आणि कुठवर नेली हे सांगायला रस्त्यावर एक थेंबही नव्हता. प्रत्येक वळणाआधी तो डोळे मिटत होता आणि वळण सरले की कठड्याकडे पाहत होता: सलग आहे, सलग आहे, अजून सलग आहे.

एका ठिकाणी तो सलग नव्हता. दोन दगड निखळून रस्त्यावर आले होते. धाकट्याने ब्रेक दाबला आणि दोघांनीही एकदम खाली दरीत पाहिले. खाली झुडपे होती, ती मोडलेली नव्हती.

गाडी त्यापुढे, समोरच्या बाजूच्या खडकाला नाक लावून उभी होती. कठड्याला घासून, तिथून उलट फिरवून ती डोंगरावर घातली होती. बॉनेटखालून धूर निघत होता, जाळ नव्हता. थोरला धावला, अडखळला, पुन्हा धावला आणि त्याने दार ओढले.

बायको स्टिअरिंगला चिकटून बसली होती. ओठ पांढरे पडले होते. मनगट सुजले होते. शेजारच्या सीटवरून पट्टा ताणून पुढे वाकलेली आई होती, आणि तिचेही दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"अहो, आईंनी ओढलं माझ्याबरोबर," बायको म्हणाली. "मी डावीकडे म्हटलं की डावीकडे. फोन वाजला की मी दचकत होते, म्हणून तो कापत होत्या. काही दिसत नसताना."

"वहिनी, उतरा आधी," धाकटा पलीकडचे दार उघडत म्हणाला. "आई, सोड हात."

आईने हात सोडले नाहीत. मोतीबिंदूने गढुळलेले डोळे समोरच्या खडकावर रोखलेले होते.

"गाडी थांबली का रे?"

"थांबली, आई," थोरला म्हणाला.

"थांबलीय गं, केव्हाच थांबलीय," धाकट्याने री ओढली.

म्हातारीची बोटे आणखीच आवळली गेली. "तुम्ही दोघं सांगू नका. निघताना म्हणालात, एका बोटाने वळेल." मग ती सुनेकडे वळली. "तू सांग गं. थांबली?"

सुनेने पाय ब्रेकवरून उचलला नव्हता. तिने खडकाकडे पाहिले, आरशात पाहिले, हँडब्रेक पुन्हा एकदा ओढून पाहिला. तोवर दोघे मुलगे उघड्या दारांत हात लोंबकळते ठेवून उभे होते.

"थांबली, आई," ती म्हणाली.

तेव्हा आईने एकेक बोट सोडवून घेतले.