सोडणार नाही

त्या कादंबरीचं नाव मी सांगणार नाही. उगाच खप वाढायचा. जाडजूड, उशाला घेतली तर मान अवघडेल एवढी, मुखपृष्ठावर तलवार आणि तलवारीच्या पात्यात बाईचे डोळे. आमच्या कडीवालीने ती कुठूनशी आणली आणि माझ्या घराचा सत्यानाश झाला. कडीवालीला विचाराल तर ती अजूनही म्हणेल, "काय सुंदर आहे हो!" म्हणू दे. काही बायकांच्या डोक्यातून फक्त केस उगवतात.

आमचा पडद्यांचा धंदा. खाली शिलाईची खोली, वर घर. हॉटेलं, दवाखाने, लग्नाचे हॉल, सगळीकडे माझे पडदे लोंबतायत. दुपारची जेवणं झाली की आमच्याकडे मशिनी बंद होतात आणि हाताचं काम सुरू होतं. कडा तुरपायच्या, धागे कापायचे, वरच्या पट्टीत कड्या बसवायच्या, ते कडीवालीचं काम. मशिनींचा खडखडाट नसतो म्हणून एकीने वाचायचं आणि बाकीच्यांनी तिच्या वाटणीचं काम उरकायचं, असा आमचा नियम. वाचायची ती चष्मेवाली. शिकलेली, पण आवाज सपाट. पुस्तकात कुणी मरो नाहीतर कुणाचं लग्न लागो, ही आपली स्टेशनवर गाडीची घोषणा केल्यासारखी वाचते.

तर गोष्ट अशी. एक सेनापती किल्ला जिंकतो आणि किल्लेदाराची मुलगी त्याच्या हाती लागते. ती त्याला केसांतल्या आकड्याने भोसकते, तो तिला बुरुजात कोंडतो. ती त्याची पागा पेटवते, तो तिच्या कानाखाली जाळ काढतो आणि मग स्वतःच लेप लावायला येतो. एक पान उलटलं की मिठी, पुढचं उलटलं की मुस्कटात. असं सहाशे पानं!

आमच्यात दोन तट पडायला पहिलं प्रकरण पुरलं. कडीवाली म्हणाली, "जिथे राग तिथेच लोभ. माझा नवरा माझ्यावर कधी साधा ओरडतसुद्धा नाही, मेला जेवतो आणि झोपतो."

"मग नशीब काढलंस," चष्मेवाली म्हणाली. "हा सेनापती कसला, गुंड आहे. घोड्यावर बसवला म्हणून काय झालं?"

"तुला प्रेमातलं काय कळतं?"

"कानाखालचं कळतं."

झालं! दोघी एकमेकींचा चहा घेईनात. कडीवालीने स्टूल उचललं आणि खिडकीकडे नेलं. चष्मेवाली तर सूड म्हणून प्रेमाची वर्णनं गाळून वाचायला लागली. एकदा कडीवालीने उठून पुस्तक हिसकावलं आणि ओरडली, "अख्खं चुंबन खाल्लंस की गं तू!" इस्त्रीवाली बिचारी, जिकडे आवाज मोठा तिकडे ती. सकाळी प्रेमाच्या बाजूने, संध्याकाळी गुंडाच्या. मी हसून हसून बेजार.

माझं मत विचाराल, तर मी प्रेमाच्या पक्षात होते. मालकीणच त्या पक्षात म्हटल्यावर तो पक्ष भारी. आणि मला तसं कारणही होतं. ते कारण कोपऱ्यात बसून धागे कापत होतं.

ती माझी नणंद. आमचे हे तिला चिमणी म्हणतात. धाकटी बहीण, आईविना वाढवलेली, म्हणून लाड. चिमणी कसली, चांगली लग्न झालेली बाई. नवऱ्याचा फोटो स्टुडिओ, माणूस देखणा, बोलायला गोड. एक दिवस ही बॅग घेऊन दारात उभी राहिली. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. म्हणाली, स्टुडिओतला दिव्याचा स्टँड अंगावर पडला. ह्यांनी काही विचारलं नाही. वरची खोली तिला दिली. त्या खोलीत माझे कापडाचे तागे होते हो! ते आले स्वयंपाकघरात. फोडणी टाकली की रेशमाला वास. चहाचा पहिला कप तिला. पडद्याचा रंग कुठला, तर "चिमणीला विचार." माझ्याच घरात मी पाहुणी झाले. आणि ती काही मागायची नाही, भांडायची नाही, तोंड वर करून बोलायची नाही. भांडली असती तर मी निदान दोन शब्द सुनावले असते. आल्या दिवसापासून मला एकच हवं होतं, ती बया तिच्या घरी जायला हवी होती.

कादंबरी संपली त्या दिवसाचं सांगते. किल्लेदाराची मुलगी चोरदरवाजाने पळते. सेनापती तिला नदीकाठी गाठतो, तिच्या घोड्याचा लगाम धरतो आणि म्हणतो, "मी तुला सोडणार नाही." संपली कादंबरी. पुढे कोरं पान.

चष्मेवालीने पुस्तक मिटलं. "बघा. धमकी देऊन संपवली."

"धमकी?" कडीवालीच्या डोळ्यांत पाणी होतं. "अगं, जन्मभराची साथ आहे ती! सोडणार नाही म्हणजे, कधीच अंतर देणार नाही."

"सोडणार नाही म्हणजे, बघून घेईन. पोलिससुद्धा हेच म्हणतात."

"तू वाचलंसच तसं! आवाजात जरा जीव घाल!"

मग मी पुस्तक घेतलं. म्हटलं, आणा इकडे, ही वाचते की हिशेब सांगते? आणि मी वाचलं. हळू, थांबत, शेवटच्या शब्दावर श्वास सोडत. मी. तुला. सोडणार नाही. कडीवालीने पदर डोळ्याला लावला. इस्त्रीवाली इस्त्री तशीच ठेवून बघत राहिली, पडद्याला चटका बसायचा तो थोडक्यात वाचला. जिंकले मी.

आणि कोपऱ्यातून चिमणी म्हणाली, "वहिनी, तेही असंच म्हणतात."

"कोण?"

"माझे हे. अगदी तुम्ही वाचलंत तस्संच. गोड. मोठ्या आवाजात बोलतात तेव्हा काही नसतं. गोड बोलले की मग दाराला कडी लावतात."

चष्मेवाली तिच्या खांद्याकडे बघायला लागली. मला असा संताप आला! एवढा रंगलेला तास, आणि हिने त्यात आपलं रडगाणं घुसडलं. मी म्हटलं, "अगं, संसारात भांड्याला भांडं लागतंच. तू काय किल्लेदाराची मुलगी लागून गेलीस?" कडीवाली फिस्सकन हसली. मग इस्त्रीवालीही हसली. चिमणीने खाली मान घातली आणि धागे कापायला लागली. कात्री डाव्या हातात धरून कापायची ती.

त्याच आठवड्यात हे टेम्पो घेऊन बाहेरगावी गेले. हॉटेलचं मोठं काम होतं, दांड्या बसवून पडदे चढवून यायचे होते. मी फोटोवाल्याला फोन लावला.

"जावईबापू, बायको किती दिवस दुसऱ्याच्या घरी ठेवणार?"

"येतच नाही ती, वहिनी. किती वेळा माफी मागितली."

"माफीने बायका विरघळत नाहीत. इथे सगळ्यांसमोर या. एकच वाक्य म्हणा." आणि मी त्याला कादंबरी सांगितली. नदी, घोडा, लगाम. शेवटचं वाक्य सांगितलं, ऐकून बायका कशा रडल्या तेही सांगितलं.

त्याने फोनवरच म्हणून पाहिलं. काय आवाज हो! माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, "बस्स. असंच."

दुसऱ्या दिवशी हाताच्या कामाच्या वेळी तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फुलं. चिमणी उठून भिंतीला टेकली. तो दारातच उभा राहिला, पुढे आला नाही. फोटोसाठी कुठे उभं राहायचं हे त्याला बरोबर कळतं. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी तुला सोडणार नाही."

कडीवालीने तर टाळ्याच वाजवल्या! "अगं बाई, हा तर आपला सेनापती! जा गं वेडे, अशी माणसं मिळतात का?" इस्त्रीवालीनेही री ओढली. चष्मेवाली काहीतरी बोलायला गेली, तेवढ्यात मी तिच्याकडे पाहिलं. तिला ही नोकरी हवी होती, ती गप्प बसली.

चिमणी त्याच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. ते वाक्य कुठून आलं हे तिला कळलं होतं. म्हणाली, "दादा येईपर्यंत थांबू द्या, वहिनी."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "दाराशी आलेल्या नवऱ्याला कुणी ताटकळत ठेवतं का? दादाला मी सांगेन." आणि वर जाऊन तिची बॅग मीच भरून आणली. रुमालसुद्धा विसरले नाही. तिने कात्री माझ्या टेबलावर ठेवली, चपला घातल्या आणि गेली. मी त्याच संध्याकाळी तागे वरच्या खोलीत चढवले. पाठीत कळ आली, पण झोप कशी छान लागली.

हे परत आले. मी सांगितलं, स्वतःहून गेली, नवरा न्यायला आला होता, हसत गेली. ह्यांनी वरची खोली पाहिली. ताग्यांवरून हात फिरवला आणि खाली आले.

मग दवाखान्यातून फोन आला.

चिमणीचा जबडा तारांनी बांधला होता. तोंड उघडत नव्हतं. एक डोळा मिटलेला, दुसऱ्याने ती दादाला बघत होती. मी गेले होते, जाऊ नये असं कुणी म्हणायला नको. तिने मला पाहिलं आणि तोही डोळा मिटून घेतला. ज्या कॉटवर ती होती तिच्या भोवतीचा पडदा माझ्या खोलीत शिवलेला होता, खालची तुरपाई मी लगेच ओळखली.

फोटोवाला बाहेर बाकावर बसला होता. म्हणे जिन्यावरून पडली. ह्यांनी त्याची कॉलर धरली तेव्हा तो ओरडला नाही. गोडच बोलला, "माझी कॉलर कशाला धरता, दादा? मी कुठे न्यायला येत होतो? तुमच्या बायकोने बोलावलं. काय बोलायचं तेही तिनेच शिकवलं. विचारा की." नर्स, पेशंट, झाडूवाला, सगळे ऐकत होते. पुढे पोलिस त्याला घेऊन गेले, पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

त्यानंतर हे माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. टेम्पो काढायचे, दवाखान्यात जायचे, यायचे, जेवायचे. नवऱ्याने मारलं, पावसाने झोडपलं, तर दाद मागायची कुणाकडे, म्हणतात. माझं तर त्याहून वाईट. मारलंही नाही. मी ताट वाढायची, ते ताटाकडे बघून जेवायचे. मी म्हटलं, "अहो, मला काय स्वप्न पडलं होतं का? मी चांगल्यासाठीच केलं." ते हात धुऊन उठले.

आणि मग परवा. हाताचं काम चाललं होतं. कडीवालीने तीच कादंबरी पुन्हा आणली होती, पहिल्यापासून वाचायची म्हणून. लाज नाही त्या बाईला. चष्मेवाली म्हणत होती, मी वाचणार नाही. दोघींचं जुंपलं होतं, तेवढ्यात हे आत आले. कामाच्या खोलीत ते कधी यायचे नाहीत. फोटोवाला उभा होता तिथेच दारात उभे राहिले.

"ते पुस्तक हेच का?"

कडीवालीने दिलं. ह्यांनी शेवटचं पान काढलं. ओठ हलवत वाचलं. मग पुस्तक नीट मिटून परत केलं आणि माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात ते माझ्याशी इतक्या गोड आवाजात कधी बोलले नव्हते.

"मी तुला सोडणार नाही," ते म्हणाले.

"अगं बाई!" कडीवालीने छातीवर हात ठेवला. "बघा, एवढं होऊनही! याला म्हणतात नवरा." आणि मूर्ख बाई रडायला लागली.

ह्यांनी सगळ्यांना सांगितलं, आज लवकर सुट्टी. बायका भराभर पिशव्या उचलायला लागल्या. चष्मेवाली तेवढी उठली नाही. सुई अर्ध्या टाक्यात धरून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, मी थांबू का?"

थांब म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मग कडीवाली, इस्त्रीवाली, सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं असतं की ती धमकी आहे. की चष्मेवालीने पहिल्याच दिवशी बरोबर वाचलं होतं.

"कशाला?" मी म्हटलं. "नवरा-बायकोच्या मध्ये तुझं काय काम? जा घरी."

ती गेली. ह्यांनी दाराला कडी लावली.