वृद्ध इसम

केनवडच्या पुढे रस्त्याच्या कडेला एक पोलीस चौकी होती. दोन खोल्या, पुढे ओसरी आणि ओसरीत एक मेज. त्या मेजाशी बसून हेड कॉन्स्टेबल उकंडराव रोज सकाळी दोन तास कायदा पाठ करीत. बाजाराला वांगी-मेथी घेऊन निघालेल्या बाया डोक्यावरची टोपली सावरत थबकायच्या.

"जमादारानं पोथी लावली काय व?"

"पोथी नाई, बीए करून राह्यले थे. पोलिसाची बीए!"

हे नाव गावानेच ठेवलं होतं. परीक्षा खात्याची होती. अकोल्याला चार पेपर, त्यात पास झाला तर सहा महिने पोलीस शाळा आणि मग सब-इन्स्पेक्टर. मराठी सातवी पास झालेल्या, सतरा वर्षं नोकरी केलेल्या माणसाने एवढी उडी मारायची म्हणजे हसण्यासारखंच होतं. पण उकंडराव दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा बसणार होते. दोन्ही वेळा कायद्यात त्यांना बरे गुण होते. गाडी अडली होती ती भाषेवर. तपासणीला आलेल्या एका इन्स्पेक्टरने तर त्यांच्या रिपोर्टातले 'मले', 'त्याले', 'हाये' लाल शाईने एकेक करून खोडले होते आणि खाली लिहिलं होतं, 'भाषा गावंढळ. शुद्ध लिहिण्यास शिकावे.'

त्या दिवसापासून उकंडरावांनी एक वही केली. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे कागदाचा. इचारलं – विचारले. लोटलं – ढकलून दिले. हीर – विहीर. वही भरत गेली, तसं त्यांना वाटू लागलं की आपण खरोखरच शिकतो आहोत. बायको तुळसाबाई काही सांगू लागली की तिचं बोलणं त्यांच्या डोक्यात आपोआप उजवीकडे सरकायचं.

माघातल्या एका सकाळी जगदेवच्या मळ्यातून हाक आली. जगदेव हा ओलिताचा मळा राखून असलेला मातबर माणूस. मुलगा अकोल्याला कामाला, घरी सून आवडाबाई आणि मोट हाकायला नानाजी नावाचा सत्तरीचा गडी. आवडाबाई विहिरीत पडली होती. उकंडराव पोचले तेव्हा तिला बाहेर काढून विहिरीकाठी, मोटेच्या धावेवर निजवलं होतं. डोकं फुटलं होतं. शेजारच्या मळ्यातली धुरपताबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. जगदेव बाजाराला गेला होता म्हणे.

उकंडरावांनी कागद काढला, खाली वाकले.

"कोणं केलं बाई हे?"

आवडाबाईने डोळे उघडले. "बुढ्यानं," ती म्हणाली. "बुढ्यानं लोटलं मले."

त्यांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, मग पाणी मागितलं, आणि दुपारच्या आत गेली.

उकंडरावांनी लिहिलं: 'मला एका वृद्ध इसमाने विहिरीत ढकलून दिले.' 'एका' हा शब्द त्यांनी आपल्या मनाने घातला, कारण त्याच्याशिवाय वाक्य उघडं-बोडकं दिसत होतं. आवडाबाईचा अंगठा त्यांनी आधीच घेतला होता, कागद अर्धा कोरा असताना. शाई वाळेपर्यंत ते फुंकर घालत राहिले. समोर बाई मरत होती आणि त्यांच्या मनात आलं, आता दाखवा बरं कुठे लाल शाई लावता ती! पुढे आयुष्यभर त्यांना त्या क्षणाची लाज वाटत राहिली.

तिसऱ्या प्रहरी ठाणेदार आले. कागद वाचला.

"इथं वृद्ध इसम कोण आहे?"

जगदेव तोवर बाजारातून परतला होता. चव्वेचाळीस वर्षांचा, काळ्याभोर मिशांना तेल लावलेला माणूस. तो हात जोडून म्हणाला, "बुढा तं मळ्यात एकच हाये साहेब. नानाजी."

नानाजीचं धोतर कमरेपर्यंत ओलं होतं, बंडीला रक्त होतं. त्याला कमी ऐकू येई. "म्याच काढलं ना बाप्पा तिले," तो ज्याला त्याला सांगत होता.

"तूच ढकललंस ना?" ठाणेदारांनी विचारलं.

"हो, म्याच," नानाजी म्हणाला.

तेवढं पुरलं. त्याला बेडी घालून नेताना ठाणेदारांनी उकंडरावांच्या पाठीवर थाप मारली. "जबानी अशी पाहिजे. परीक्षेत हाच नमुना लिही."

परीक्षा आठ दिवसांवर आली. एका सकाळी उकंडराव घराच्या आतल्या खोलीत साक्षीपुराव्याचं प्रकरण घोकत होते. बाहेर गोमतीबाई शेजारीण विरजण मागायला आली. तिने त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला, विजयमालाला, विचारलं, "बुढा घरी हाये काय व?"

"बुढा अभ्यास करून राह्यला. हळू बोला म्हणे."

उकंडराव हसले. अडतीस वर्षांचे होते ते, डोक्यात पांढरा केस नव्हता. हसता हसता पानावरचं बोट थांबलं.

ते तसेच चुलीपाशी गेले. "काय व, सून आपल्या सासऱ्याले काय म्हणते?"

तुळसाबाई भाकर थापत होती. "काय म्हणन? तोंडावर मामाजी, अन् मांगून बुढा. म्या नव्हती म्हणत तुमच्या बापाले? काहून?"

ते परत आतल्या खोलीत गेले. वही काढून पाहिली. बाराव्या पानावर, डावीकडे 'बुढा'. उजवीकडे, त्यांच्याच वळणदार अक्षरात, 'वृद्ध इसम'.

धुरपताबाई मळ्यात मिरच्या तोडत होती. उकंडराव बांधावर उभे राहिले.

"तिनं बुढा कोणाले म्हटलं होतं, बाई?"

"तुमी होते ना तिथं. तुमाले कान नव्हते काय?"

"मंग तू बोलली काहून नाई?"

"मले कोणं इचारलं?" ती मिरच्या तोडतच राहिली. "अन् जमादार, माह्या वाफ्याले जगदेवच्याच हिरीचं पाणी येते. तुमी लिवत होते भराभरा. मले वाटलं, लिवलं असन बराबर. शिकेल माणूस."

ठाणेदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि उठून दार लावलं.

"उकंडराव, कागद अकोल्याला गेला. आता तू म्हणशील शब्द मी बदलला. म्हणजे खोटा कागद केलास. परीक्षा गेली, हेडची पट्टीही गेली. घरी काय सांगशील?"

"अन् नानाजी, साहेब?"

"सत्तरीचा आहे. फाशी देणार नाहीत त्याला."

उकंडराव परीक्षेला गेले. वाशीमला आगगाडीत बसताना तुळसाबाईने दही-साखर बांधून दिलेली डबी त्यांनी तशीच ठेवली. तिसऱ्या पेपरात चौथा प्रश्न होता: मरणोन्मुख व्यक्तीची जबानी कशी नोंदवावी? त्यांनी लिहिलं, 'होईल तितकी तिच्याच शब्दांत, आपल्या पदरचे काही न घालता.' हे वाक्य त्यांना वर्षभर पाठ होतं. विहिरीपाशी आवडाबाईजवळ वाकले तेव्हाही पाठ होतं. प्रश्नाचे सगळे गुण मिळणार हे त्यांना टाक खाली ठेवण्यापूर्वीच कळलं.

महिन्याने खटला उभा राहिला. नानाजी पिंजऱ्यात गज धरून उभा होता. शेजारच्या शिपायाला तो विचारत होता, "मोट कोण हाकून राह्यलं तिकडे? तो धवळा बैल दुसऱ्याचं ऐकत नाई."

सरकारी वकिलांनी जबानी वाचून दाखवली. "हे शब्द मृत स्त्रीचेच ना?"

फक्त 'होय' म्हणायचं होतं. उकंडरावांनी तोंड उघडलं, आणि वर्षभर घोकलेल्या शुद्ध मराठीतला त्यांना एक शब्दही सापडेना.

"नाई, हुजूर. तिनं म्हटलं, बुढ्यानं लोटलं मले."

"बुढा म्हणजे वृद्धच की." न्यायाधीश पुण्याकडचे होते.

"नाई, हुजूर. माही पोरगी मले बुढा म्हणते."

कोर्टात हशा पिकला. मागच्या बाकावर बसलेला जगदेवही हसला. उकंडरावांनी खिशातून वही काढून बाराव्या पानावर उघडून दिली. न्यायाधीशांनी चष्मा पुसून ते पान वाचलं. ते हसले नाहीत.

"मग ती कोणाला म्हणाली?"

"मले वाटते, सासऱ्याले."

"वाटतं?"

"हो."

"तिने नाव घेतलं?"

"नाई, हुजूर. सून सासऱ्याचं नाव घेत नाई."

न्यायाधीशांनी वही मिटली. ज्या कागदावर लिहिणाऱ्याचाच भरवसा नाही, त्याच्यावर कोणालाच शिक्षा देता येणार नाही, असं त्यांनी निकालात लिहिलं. नानाजी सुटला. आणि त्याच कारणाने जगदेवला कोणी हातही लावला नाही. नानाजी मळ्यात परत गेला तेव्हा मोटेवर दुसरा गडी होता. मग तो शिरपूरला मंदिराबाहेर बसलेला दिसे. पावसाळ्याआधी तिथूनही दिसेनासा झाला.

परीक्षेचा निकाल आला. यादीत उकंडरावांचं नाव पहिलं होतं. चार दिवसांनी दुसरं पत्र आलं. सरकारी कागदात चुकीची नोंद केल्याबद्दल यादीतून नाव कमी, हेडवरून साधा कॉन्स्टेबल. पत्राला जोडून वही परत आली होती. बाराव्या पानाला कोर्टाचा शिक्का होता.

चौकीच्या मेजावर आता नवा हेड बसू लागला. खानदेशाकडचा तरुण, स्वच्छ बोलणारा. उकंडराव ओसरीच्या पायरीवर उभे राहून पहारा करीत. बाजाराच्या बाया जाताना गप्प असत. एकट्या जगदेवने एकदा दमणी थांबवून हाक मारली, "काय बीएसाहेब, बरं हाये ना?" आणि बैलांना चुचकारून पुढे गेला.

वैशाखात धुरपताबाई आली. डोक्यावर टोपली नव्हती. सरळ ओसरीवर चढून मेजासमोर बसली. हेड दौऱ्यावर होता, खुर्ची रिकामी होती.

"लिवा जमादार."

"काय लिवू?"

"जगदेव पोराले दुसरी करून राह्यला. पंधरा वर्साची पोरगी हाये, केनवडची. पोरगा आठ दिसात अकोल्याले जाईन. मंग घरात कोण? थे पोरगी अन् बुढा." तिचा आवाज चढला. "म्या पाह्यलं होतं त्या दिशी. मिरच्यांतून पाह्यलं. तिनं हात झटकला अन् त्यानं लोटली. लिवा. पाणी तोडतो तं तोडू दे."

उकंडराव पायरीवरच उभे राहिले. मेजावर दौत होती, कोरे कागद होते.

"मले लिवायचा हक नाई राह्यला, बाई. म्या लिवलं तं कोणी धरनार नाई. तू ठाण्यावर जा. म्या येतो संगं."

"तुमी आले तं थे हसतीन," धुरपताबाई म्हणाली. मग तिने विचारलं, "ठाण्यावर कोण लिवते?"

"हायेत मुन्शी. शिकेल हायेत."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग पदराने कपाळ पुसलं, मेजाच्या कडेला हात टेकून उठली आणि पायऱ्या उतरली.

रस्त्यावर ती जरा थांबली. ठाण्याची वाट उजव्या हाताला होती. मळ्याची डाव्या. उकंडराव पाहत होते. धुरपताबाई डाव्या हाताला वळली.