डाव्या हाताची भिंत

घर स्वतःच्या हातानं बांधायचं, हे खूळ माझ्या नवऱ्याचं. विटा त्यानं रचल्या, छप्पर त्यानं घातलं. मी वाळू चाळली, माल कालवला, घमेली उचलली. आल्यागेल्याला तो मात्र ऐटीत सांगायचा, "एकट्यानं बांधतोय." ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. घर माझंही होतं की! थापी मागितली तर म्हणायचा, "तू डावखुरी. गिलावा तुझं काम नाही."

दर्शनी भिंतीला शेवटचा हात एका दमात द्यावा लागतो. मध्ये थांबलं की जोड दिसतो, तो कायमचा. त्या दिवशी अर्धी भिंत झाली आणि त्याच्या खांद्यात अशी चमक भरली की थापीच गळून पडली. तो कसाबसा खाली उतरला. इकडे कालवलेला माल आटायला लागला होता.

"राहू दे," तो कण्हत म्हणाला. "उद्या सगळं खरवडून पुन्हा करू."

"खरवडतोयस कशाला? सरक बाजूला."

थापी घेऊन मी पायाडावर चढले. पहिला फटकारा निम्मा माझ्याच तोंडावर आला. तो हसला नाही, हे त्याचं नशीब. मग हात बसला. उजेड होता तोवर भिंत पुरी केली.

दुसऱ्या दिवशी तिरपं ऊन पडलं आणि माझं पितळ उघडं पडलं. जोड नव्हता, पण त्याच्या थापीचे फराटे एका अंगाला वळलेले, माझे बरोबर उलट. भिंतीला मधोमध भांग पाडल्यासारखं दिसत होतं. मला रडूच कोसळलं.

नेमकी तेव्हाच नणंद घर बघायला आली.

"दादा, अर्धी भिंत बिघडली की रे! वरून अजून एक हात मार, झाकून जाईल."

तो भिंतीकडे बघत राहिला. आता हा खरवडणार, मी मनाशी म्हटलं.

"बिघडलेली नाही," तो म्हणाला. "तेवढी हिनं केलीय. ती तशीच राहणार."

नणंद गेल्यावर तो मागच्या अंगाला गेला. एका हातानं जमेल तसा माल कालवला, बाजूच्या कोऱ्या भिंतीशी मला बोलावलं आणि घमेलं फरफटत आणून माझ्या डावीकडे ठेवलं.

"ही भिंत तू घे. माल मी देतो."

माझे डोळे भरून आले. पण माल आटत होता, म्हणून चढले.