चांगल्या हाताला मोजा

थोरलीच्या अगदी नाकी नऊ आले होते. परदेशात फिजिओथेरपिस्ट म्हणून तिचा केवढा दरारा! तिथे तिने नुसतं बघितलं की पेशंटच्या बायका मदतीला पुढे केलेला हात मुकाट्याने मागे घ्यायच्या. इथे मात्र स्वतःच्या आईपुढे तिचं काही चालेना.

बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजव्या हाताची बोटं हलत होती, पण आत्ताच कामाला लावली नाहीत तर हात कायमचा अधू राहील, हे ती फोनवर घसा कोरडा पडेपर्यंत सांगत आली होती. शेवटी रजा काढून स्वतः आली आणि बघते तर काय, घरात प्रेमाला नुसता ऊत आलेला. आई घास भरवते, आत्या बटणं लावते, धाकटा भाऊ चष्मासुद्धा नाकावर चढवून देतो. बाबा आपले राजासारखे बसलेले.

मग तिने बाबांच्या चांगल्या, डाव्या हातावर जाड लोकरीचा मोजा चढवला. आता झक मारत उजव्याला काम करावं लागणार होतं.

आत्या कळवळली. "अगं, धड हातही बांधून टाकलास? हेच शिकलीस का तिकडे?"

"हेच शिकले, आत्या. तिकडे लोक यासाठी माझ्याकडे रांग लावतात."

"लावत असतील. त्यांना घरचं कोणी नसेल."

थोरलीची पाठ वळली रे वळली की मोजा गायब. एकदा तो उशीखाली सापडला, तेव्हा बाबांच्या तोंडात आईने भरवलेला घास होता. चावायचं थांबवून ते चोरासारखे बघत राहिले.

निघायच्या दिवशीही सकाळी मोजा गायब होता. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने सगळ्यांना खोलीबाहेर घालवलं, कडी लावली, मोजा शोधून चढवला आणि पाण्याने भरलेला पेला बाबांसमोर ठेवला.

"प्या."

बोटं पेल्यापर्यंत पोचता पोचेनात. पोचली तर पेला निसटला, कसाबसा सावरला, अर्धं पाणी सदऱ्यावर. बाबांचे डोळे भरून आले. असे रडवेले चेहरे तिने कामावर रोज बघितले होते आणि कधी विरघळली नव्हती. पण ते परके होते. तिचा हात आपोआप पेल्याकडे गेला आणि तिला स्वतःचीच चीड आली.

बाबांनी तो हात ढकलला. उजव्या हाताने. पेला खणकन खाली पडला.

"सांडलं ना?" बाहेरून आई म्हणाली. "दार उघड. मी पाजते."

"सांडू दे," बाबा म्हणाले. जीभ जड होती, पण शब्द कळत होते. मग थोरलीकडे बघून म्हणाले, "परत भर. आणि तू पण बाहेर जा."

तिने पेला भरून ठेवला, बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि आईशेजारी बसली. आत पेला पुन्हा पडला. आई उठायला लागली तसा थोरलीने तिचा हात घट्ट धरला. नाहीतर आईच्या आधी तीच आत धावली असती.